शाल्मलीच्या यकृताला निरोप

चिडू नको तर काय करू? आम्ही चंद्रावर राहायला आलो, काचेच्या घुमटाखाली खो-खोचं मैदान आखलं, आणि माझी मैत्रीण शाल्मली खेळताना बेशुद्ध पडल्यावर खेळाच्या दाभाडे सरांनी काय मागवलं? हुंगवायला कांदा!

शाल्मलीला मधुमेह आहे. तिच्या शरीरात इन्सुलिन (रक्तातली साखर पेशींपर्यंत पोचवणारं संप्रेरक) तयार होत नाही, म्हणून ती ते बाहेरून घेते. त्या दिवशी धावून धावून तिची साखर फारच खाली गेली. असं झालं की तिच्या दंडावरचं साखर मोजणारं यंत्र वाजतं. पण "खेळात टीं-टीं नको," म्हणत सरांनीच त्याचा आवाज बंद करायला लावला होता!

कांद्याने काही होईना, तेव्हा सर साखरेचं पाणी घेऊन आले.

"तोंडात काही घालू नका!" भिंतीवरच्या कर्ण्यातून दवाखान्यातली रोबो ठमी ओरडली. "तिला गिळता येणार नाही, पाणी श्वासनलिकेत जाईल. डॉक्टरांना पोचायला वीस मिनिटं लागतील. तोवर मेंदूला साखरेवाचून ठेवणं धोक्याचं आहे."

"अगं, साखर कमी आणि साखर द्यायची नाही? मग द्यायचं काय?" मी रडकुंडीला आले.

"केतकी, साखर तिच्या यकृतात साठवलेली आहे. ती रक्तात सोड, असा यकृताला निरोप हवा. तो ग्लुकॅगॉन (साखर वाढवणारं संप्रेरक) देतं. तिच्या कमरेच्या पिशवीत त्याची पूड भरलेली नळी आहे. टोक नाकपुडीत घाल आणि मागची दांडी पूर्ण दाब. पूड नाकाच्या आतल्या अस्तरातून रक्तात जाते. तिने श्वास ओढायचीही गरज नाही."

"मुलांनी औषधाला हात लावायचा नाही!" सर गरजले.

"मग तुम्ही लावा ना!" मी नळी त्यांच्यापुढे धरली.

सर दोन पावलं मागे सरकले. मी दांडी दाबली. मग आम्ही शाल्मलीला कुशीवर वळवलं.

बाराव्या मिनिटाला तिने डोळे उघडले. ओकली. नीट शुद्धीवर आल्यावर घोट घोट सरबत प्यायली, आणि मी भोकाड पसरलं.

"बाळा, उद्यापासून तुझा खेळ बंद," सर म्हणाले. "तुला झेपत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण शाल्मलीच बोलली. "सर, मी खेळले म्हणून नाही पडले. यंत्र गप्प केलंत म्हणून पडले. हे औषध दाखवायला मी तीनदा आले होते. तुम्ही म्हणालात, नंतर बघू."



दुसऱ्या दिवशी मैदानावर हे औषध कसं द्यायचं याचा वर्ग भरला. ठमीने सांगितलं, की इन्सुलिन आणि ग्लुकॅगॉन दोन्ही आपोआप देणारं यंत्र लवकरच येईल.

"तोवर?" मी विचारलं.

"तोवर माणसांनी शिकायचं."

सगळ्यांत पुढे सर बसले होते, हातात सरावाची रिकामी नळी घेऊन. त्यांनी दांडी अर्धीच दाबली.

"पुन्हा," शाल्मली म्हणाली.