अमेयचं ताट

“हे कुणाचं पान मांडलंत? बोला ना जावईबापू… कुणाचं?”

सुमनताईंचा आवाज चिरकला आणि तादेउशच्या हातातला तांब्या जागच्या जागी थबकला. त्या नुकत्याच देवळातून आल्या होत्या, प्रसादाची पुडी अजून मुठीतच होती. पण नजर मात्र जेवणाच्या टेबलावर खिळली होती. रोजचं बगरू गावच्या ठसेछपाईचं लाल कापड काढून त्याने तिथे पांढरीशुभ्र चादर अंथरली होती, तिच्याखालून वाळक्या गवताच्या काड्या डोकावत होत्या. घरातल्या चौघांची चार ताटं मांडली होती… आणि पाचवं, रिकामं! स्टीलचं, काठावर ‘अमेय’ असं नाव घातलेलं.

अमेय! त्यांचा धाकटा, फौजेतला मेजर, बर्फातल्या कुठल्याशा चौकीवर असलेला, आणि आठवडा उलटून गेला तरी ज्याचा फोन आला नव्हता असा!

“पांढरं कापड… खाली दर्भ… आणि माझ्या लेकराचं पान! अहो, जिवंत आहे तो! जिवंत आहे माझा मुलगा!”

“आई, नाही… मी… मतलब, आज आमच्याकडे…” तादेउशला मराठी सगळं कळायचं. पण ओठावर येईतो एकेक शब्द निसटायचा. आज तर सगळेच निसटले.

“तीन वर्षं इथं बसून आहात, चेंडू लाथाडत दिवस काढता, मी कधी एका शब्दाने बोलले नाही. पण हे अभद्र माझ्या घरात? जा… माझ्या डोळ्यांसमोरून जा!”

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत जयंतराव धडपडले. उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. “अ… अ…” एवढंच उमटलं. त्यांचा डावा हात जावयाकडे झेपावला आणि परत मांडीवर पडला. तादेउशने तांब्या खाली ठेवला, चपला पायांत सरकवल्या आणि तो जिना उतरला.

जयपूरच्या राजा पार्कची ती गल्ली कललेल्या उन्हात गजबजली होती. गच्च्यांवर पतंगांची काटाकाटी चालली होती, कचोरीच्या कढईभोवती गर्दी होती. एवढ्या माणसांतून तो ताडमाड गोरा माणूस वेड्यासारखा चालत सुटला. टोकाला जाई, परत फिरे, पुन्हा टोकाला! पाय थांबायला तयार नव्हते.

याच पायांनी त्याला काय काय दाखवलं होतं! पोलंडातल्या एका खाणीच्या गावातलं, कोळशाच्या धुळीने काळवंडलेलं पोर; पुढे लाल-पांढऱ्या जर्सीतला, देशाच्या फुटबॉल संघाचा कर्णधार. त्याने गोल केला की पन्नास हजार माणसं उभी राहून त्याचं नाव गायची. मग इंग्लंडातल्या क्लबाने बोलावलं, आणि तिथं डिसेंबरात, ऐन सणातच सामने! गावी आई मात्र दर नाताळच्या आदल्या संध्याकाळी पांढरी चादर अंथरायची, देवाचं बाळ गोठ्यात जन्मलं म्हणून खाली मूठभर गवत पसरायची, आणि एक ताट रिकामं ठेवायची. अवचित दारात येणाऱ्यासाठी! नातलग असो की वाटसरू, देवाच्या नावाने त्याचं पान तयार असायला हवं. बाकीच्या घरांत ते ताट कुणाही वाटसरूचं असे, तिच्या घरात ते तादेउशचं असे. अकरा वर्षं ते रिकामं राहिलं. बाराव्या वर्षी गुडघा निकामी झाला, मैदान सुटलं, आणि तो सणाला घरी पोहोचला. ताट फळीवर होतं… मांडणारी आई शरदऋतूतच गेली होती!

त्या उद्ध्वस्त गुडघ्यावर उपचार करायला आलेली प्रणिता त्याची पत्नी झाली. आणि जयपूरला वडिलांना अर्धांगाचा झटका आला म्हटल्यावर तिच्याआधी त्यानेच बॅग भरली. एकदा उशिरा पोहोचलेला माणूस होता तो!

“क्या हुआ, अंग्रेज साहब? आज चाय नहीं?” कोपऱ्यावरच्या चहावाल्याने हाक घातली. आपण इंग्रज नाही हे तादेउशने त्याला निदान शंभरदा तरी सांगितलं असेल.

तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातून प्रणिता बोलत होती. त्याने तुटक तुटक सगळं सांगितलं. लाडाच्या नावाने हाक मारूनच तिने त्याला थांबवलं.

“तादेक… अरे, काय केलंस हे! आपल्याकडे असं रिकामं पान, खाली दर्भ… गेलेल्या माणसासाठी मांडतात रे! श्राद्धाला! चूक माझीच. तुझा नाताळ यंदा घरी करू म्हणाले, आणि आईला सांगायचंच राहिलं. मी निघतेच आता.”

‘तुझा मुलगा कुठल्याही क्षणी दारात येवो’ ही प्रार्थना त्याने टेबलावर मांडली होती, आणि त्या माउलीने तिथं मुलाचं मरण पाहिलं! तिने हाकललं ते योग्यच होतं… काळीज फाटताना कोण विचार करून बोलतं! जावं का आता? कायमचंच? पण दिवस मावळला की जयंतरावांना उभं करायची वेळ. चेंडू डाव्या पायाने हळूच त्यांच्याकडे ढकलायचा, त्यांनी लुळा उजवा पाय फरपटत त्याला लावायचा. असं करत करत दोन वर्षांत ते खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोहोचले होते. तो नसला तर त्यांना उचलणार कोण? आईंचे पाय धरावेत, क्षमा मागावी, बाबांना चालवावं आणि मग जायचं तर जावं, असं ठरवून तो वळला.

जिन्यावर पहिल्याच पायरीला तो थबकला. वरून गाणं येत होतं.

जयंतराव गात होते! विमा कंपनीतली नोकरी सांभाळून महाराष्ट्र मंडळात वर्षानुवर्षं कीर्तनं केलेला माणूस. झटक्याने त्यांचं बोलणं गेलं, पण सूर कुठेतरी खोल वाचला होता. कधीमधी चालताना ते गुणगुणत, सुराबरोबर तुटके शब्दही येत, तादेउश टाळ्यांनी ताल धरी. आणि यांना बोलता येत नाही, आपलं कुणाला सांगणार नाहीत, या भरवशावर त्याने त्या खोलीत आपलं सगळं आयुष्य मोडक्या मराठीत त्यांच्यापुढे मांडलं होतं. तेच आता, श्वास तुटत तुटत, कीर्तनाच्या चालीवर येत होतं…

“आई त्याची वाट पाहे,
मांडी पान सणासणा…
लेक धावे चेंडूमागे,
कधी येईना अंगणा…”

मध्येच खोकला आला. सुमनताईंचा घाबरा आवाज आला, “अहो, पुरे… त्रास होतोय तुम्हाला!” पण सूर थांबला नाही.

“आला तेव्हा पान होते,
माय नाही उरली गं…
जित्याचे हे पान, सुमन,
मेल्याचे ना मुळी गं…

मोठेपण त्याच्या दारी
आले, परत धाडिले…
माझ्या लुळ्या पावलासाठी
देश-घर सोडिले…”

मग नुसता एक लांबलेला सूर, आणि हुंदका. कुणाचा, ते तादेउशला कळलं नाही. त्याच्या जुन्या क्लबाने प्रशिक्षकपद देऊ केलं होतं, ते नाकारल्याचं त्याने प्रणितालाही कधी कळू दिलं नव्हतं!

दार उघडंच होतं. तो उंबऱ्यात उभा राहिला. “आई, माफ करा. मला ठाऊक नव्हतं. बाबांना चालवतो… मग जातो.”

सुमनताई टेबलाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या वळल्या. डोळे लाल, पदराचं टोक मुठीत.

“मोठ्या मानाचं काम आलं होतं तुमच्याकडे? आणि ते परत धाडलंत?”

त्याने खाली मान घातली.

“आणि मी… मी मनात म्हणत राहिले, बसून आहात!” त्या पुढे आल्या, इतक्या उंच माणसाच्या गालापर्यंत हात पोहोचेना, तर दंडच घट्ट धरला. “अरे, एवढं मोठं दुःख उरात घेऊन फिरलास, आणि या म्हातारीला एक शब्द सांगावासा वाटला नाही? इतकी का मी परकी?”

“मराठी… येत नव्हतं, आई.”

“गप्प बस! यांच्याशी बरं येत होतं!” रडता रडता त्यांना हसू फुटलं, आणि खुर्चीतून जयंतरावही घशातल्या घशात खुदखुदले.

मग त्या देवघरात गेल्या आणि रांगोळीचा डबा घेऊन आल्या. अमेयचं ताट उचलतील असं तादेउशला वाटलं, म्हणून त्यानेच हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला. श्राद्धाच्या पानाभोवती रांगोळी घालत नाहीत, हे त्याला कुठून ठाऊक असणार! त्या वाकल्या, आणि पांढऱ्या चादरीवर, त्या रिकाम्या ताटाभोवती, चिमटीतून एकेक रेघ ओढत, मध्ये हळदीकुंकवाचे ठिपके देत, त्यांनी भरगच्च महिरप काढली. सणाच्या पानाची! जिवंत माणसाच्या पानाची!

“येऊ दे कधीही. त्याचं पान तयार आहे,” त्या पुटपुटल्या. पण फोनकडे गेलेली नजर काही लवकर परत फिरेना.

खिडकीबाहेर, पतंगांच्या वर, पहिली चांदणी उगवली होती. त्याच्या गावी ती दिसल्यावरच जेवायला बसत. जिन्यावर प्रणिताची धावती पावलं वाजली.

तादेउश आपल्या नेहमीच्या जागेकडे वळला. तीन वर्षं तो तिथं काचेच्या ताटात जेवत आला होता, पाहुण्यांसाठी काढतात त्या. सुमनताईंनी ते उचलून कपाटात ठेवलं, स्वतःचं, काठावर ‘सुमन’ असं नाव कोरलेलं स्टीलचं ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि त्याच्याभोवतीही रांगोळीची रेघ ओढायला घेतली.

“उद्या बाजारात जाऊन तुझं आणू, नाव घालून. कसं लिहायचं ते तूच सांग बाबा दुकानदाराला, मला नाही जमायचं. तोवर… माझ्यात जेव.”