चौथा बोल्ट

कोपऱ्यातला दिवा तेवढा राहू द्या, बाकीचे घालवा. आणि ए उंचाड्या, पाय पलंगावर घे. लोंबकळत ठेवलेस आणि कोणी धरले, तर माझ्या नावानं बोंब मारायची नाही. गोष्ट पलंगाखालची नाही, गाडीखालची आहे. पण खाली ते खालीच.

गोष्ट आपल्या गॅरेजवाल्या मिस्त्रीची. माणूस अजून आहे, दोन वेळ भरपेट जेवतो, तेव्हा खोटं सांगून मला पचायचं नाही.

त्याचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, अंगानं बुटके आणि हौसेनं उंच. "मेव्हणे, जीप अशी करा की लोकांनी मान वर करून बघावं." मिस्त्रीनं जीप चार इंच उचलली, खाली रांजणाएवढी जाड चाकं घातली. लोक मान वर करून बघू लागले खरे, पण दाजींना गाडीत चढायला स्टूल लागू लागलं. ताई म्हणाली, "उतरायला शिडी मागवू का?" वर दाजींचं आणखी एक खूळ. बेल्ट लावला की पोट दिसतं, म्हणून बेल्टच्या खाचेत नुसती खोटी क्लिप खोचून ठेवायची. गाडीची बीप गप्प, दाजी खूश.

पण चाकं मोठी झाली आणि स्टिअरिंग ढिलं पडलं. वरचं चक्र वीतभर फिरवावं तेव्हा कुठे खालच्या चाकांना जाग यायची. सरळ रस्त्यावर गाडी झिंगल्यासारखी. चक्राचा फेर चाकांपर्यंत पोचवणारा तो स्टिअरिंग बॉक्स, जुना; त्याला एवढ्या चाकांचा भार पेलेना. मिस्त्रीनं भंगारातून दुसरा आणला. कुठल्या गाडीतून निघाला, त्यानं विचारलं नाही. भंगारवाल्यानं सांगितलं नाही.

रात्र मंगळवारची, साडेअकराचा सुमार. अमावास्या नव्हती, चांगलं टिपूर चांदणं होतं. उगाच भाव कशाला वाढवू? पहाटे दाजी, ताई आणि सहा महिन्यांची भाची याच गाडीनं डोंगरातल्या रस्त्यानं निघणार होती. बॉक्स चार बोल्टांवर बसतो. मिस्त्रीनं तीन आवळले. चौथा अडचणीत, चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या मागे, पाना शिरेना. हातानं दोन आटे फिरवले आणि सोडून दिला. "तीन धरतायत की," तो स्वतःशीच म्हणाला. "चौथा आपला सोबतीला."

मग दाजींना हाक मारली. "वर बसा. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये. मी खाली झोपतो. सांगेन तसं चक्र थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. कुठला सांधा हलतो ते बघतो."

"लग्न झाल्यापासून तुमच्या घरातलं कोणी मला वर बसा म्हणालं, हे पहिल्यांदाच," दाजी म्हणाले आणि स्टुलावर चढले.

मिस्त्री टॉर्च आणि पाना घेऊन उताणा सरकला. गाडी उंच, जॅक लागलाच नाही. एका अंगाला भिंत, पुढे अर्धं उघडं शटर, नाकावर लोखंड. इंजिनाचा घरघराट.

तेवढ्यात वर बीप वाजली. वाजत राहिली... आणि खटकन थांबली. आज दाजींना बेल्टची अक्कल आली वाटतं, मिस्त्रीच्या मनात आलं.

"डावीकडे."

चाक डावीकडे वळलं.

"उजवीकडे. हां. पुन्हा."

काम झकास चाललं होतं. फक्त दाजी गप्प होते. एरवी चार टोमणे मारल्याशिवाय पाण्याचा पेला न उचलणारा माणूस.

"झोपलात का दाजी?"

उत्तर नाही. चाक मात्र वळलं. डावीकडे. उजवीकडे. न सांगता.

मिस्त्रीनं मान वळवली. शटरखालून रस्त्याची पट्टी दिसत होती. चांदण्यात दोन बूट फेऱ्या घालत होते. लाल बूट. दाजींचे.

"हो गं, होतच आलंय," बाहेरून आवाज आला. "आत इंजिनाचा कालवा, म्हणून बाहेर येऊन बोलतोय. पाचला निघू."

मिस्त्रीच्या डोक्यावर चक्र पुन्हा फिरलं.

त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. हाक इंजिनाच्या घरघराटात बुडाली. बाहेर सरकायला गेला... आणि चाक पूर्ण वळलं. करकचून. उजव्या हाताची बाही खांद्यापाशी टायरखाली आली. ओढली. सुटेना. निघायची फट टायरनं भरली होती. दुसरीकडे भिंत.

वर क्लच दबला. त्या पेडलची किरकिर त्याच्या ओळखीची होती.

मग गिअर पडला. खट्.

आता फक्त वरचा पाय उचलला जायचा होता.

बूट फेऱ्या घालत होते. चार हातांवर. तिकडून हसण्याचा आवाज.

चक्र किंचित हललं. टक्. आणखी एकदा. टक्.

घाई नव्हती. शिकवणारा हात धरून दाखवतो, तसं. टक्... टक्...

टॉर्च पोटावर पडला होता. उजेड वर. त्या उजेडात त्याला दिसलं. चाक पूर्ण वळल्यामुळे दांडा बाजूला गेला होता. मागचा चौथा बोल्ट उघडा पडला होता. आणि चक्र हललं की बॉक्सचा तो कोपरा उचलला जात होता.

टक्.

मिस्त्रीनं डाव्या हातानं पाना चढवला. निसटला. पुन्हा चढवला. एक आटा. दुसरा. वरचं चक्र हललं. टक्... बारीक झाली. आणखी एक. दात चावून आणखी एक.

चक्र हललं.

आवाज नाही.

पुन्हा हललं, खात्री करावी तसं. नाही.

खट्. गिअर निघाला. क्लच सुटला. चाक सावकाश सरळ झालं आणि बाही मोकळी पडली.

मिस्त्री सरपटत निघाला तो थेट लाल बुटांपाशी.

"काय हो मेव्हणे, पिठात लोळलात का?" दाजींनी फोन खिशात घातला. "रागावू नका. तुम्ही खाली शिरलात आणि तुमच्या बहिणीचा फोन आला. आता येतो वर, काय हलवायचं ते हलवू."

"नको," मिस्त्री म्हणाला. "झालं."

"झालं? चक्र कोणी फिरवलं मग?"

मिस्त्रीनं नुसतं आत गाडीकडे बोट केलं. दाजींनी शटर वर ढकललं, स्टुलावर चढले, दार उघडलं. आणि स्टुलावरच उभे राहिले.

खोटी क्लिप डॅशबोर्डवर नीट काढून ठेवली होती.

बेल्ट लावलेला होता. रिकाम्या सीटवर. सीटला टेकलेला नाही... छातीएवढी जागा सोडून, ताठ.