मागची डावी बाजू

आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली होतं. उन्हाळ्यात दहा किलोमीटर झाले की बाबा मांडीखाली टॉवेलची घडी घेत. तापलेल्या रेक्झिनचा आणि पेट्रोलचा तो वास आजही कुठे आला तर मला आधी बाबांची पाठ आठवते. ते उंच होते. छताला डोकं लागू नये म्हणून मान थोडी वाकवून चालवायचे.

बाबा ब्रह्मपुरीला प्राथमिक शाळेत शिक्षक होते, सगळ्यांचे लहानू गुरुजी. १९९३ साली त्यांनी नागपूरहून पाच वर्षं वापरलेली ही पांढरी व्हॅन आणली. तिचे आजार ठरलेले होते. दमट हवेत कार्बोरेटर कुरकुरायचा. रेडिएटरचा पाइप दर उन्हाळ्यात फुटायचा. साठ-सत्तर रुपयांत काम व्हायचं. क्लचप्लेट मजुरीसकट सातशेला पडली. सरकतं दार अर्ध्यावर अडायचं, आणि ते मात्र कितीही खर्च केला तरी सुधारलं नाही.

सगळी कामं गुलाम रसूल मिस्त्रींकडे. नागभीडच्या रस्त्यावर कडुलिंबाखाली त्यांचं गॅरेज होतं. काढलेला जुना पार्ट ते गिऱ्हाइकाच्या हातात ठेवत, खरंच बदलला याची खूण म्हणून. आमच्याकडे असल्या पार्टांची एक ट्रंक भरली होती.

व्हॅन घेण्याचं कारण घरात कोणी बोलून दाखवत नसे. माझी धाकटी बहीण खुशबू १९९१ मध्ये तापानं गेली. चार वर्षांची होती. तिला नागपूरला न्यायचं होतं, बस चुकली, म्हणून आईबाबा तिला घेऊन जीपमध्ये बसले. आमच्या भागात भाड्याची जीप भरल्याशिवाय सुटत नाही. दोन सीट रिकाम्या होत्या. दीड तास जीप तिथेच उभी राहिली. त्या दोन सीटचं भाडं आपणच देऊन टाकावं, हे बाबांना सुचलं ते दुसऱ्या दिवशी, सगळं झाल्यावर.

घराच्या चौकटीवर तिच्या उंचीची पेन्सिलची एकच रेघ होती. ही माझ्यासारखी उंच होईल, असं बाबा म्हणत. मी आईसारखी ठेंगणी झाले होते, त्याची भरपाई म्हणून.

व्हॅन आल्यावर दर रविवारी आम्ही कुठे ना कुठे जायचो. घोडाझरीचा तलाव, सातबहिणीचा डोंगर, मार्चमध्ये मोहाच्या वासातून नागभीडपर्यंत उगाचच. आई मागच्या सीटवर मधोमध बसायची. डावीकडची जागा मोकळी असायची. तिकडच्या खिडकीतून वारा लागतो म्हणून असेल, असं मी समजत होते. एकदा लग्नाला जाताना सोनीबाई आत्या तिथे बसली. दोन-तीन किलोमीटरवर ती आईकडे सरकली. म्हणाली, इथी अंग चोरून बसा लागते.

तिच्या त्या बाजूला कोणीच नव्हतं.

१९९४ च्या दिवाळीत माझ्या लक्षात आलं, की रिकामी उभी असतानाही व्हॅन मागून डावीकडे झुकलेली असते. मी तेव्हा बीएस्सीला होते, भौतिकशास्त्र घेऊन. पट्टीनं मोजलं. चाक आणि पत्रा यांमधलं अंतर डावीकडे दोन सेंटिमीटर कमी. रसूलभाईंनी मागच्या चाकावरचा डावा पाटा, म्हणजे स्प्रिंगची पट्टी, बदलला आणि जुना बाबांच्या हातात दिला. त्याला साधी चीरही नव्हती. गाडी पुन्हा डावीकडेच बसली. मग त्यांनी डावा पाटा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावून पाहिला. तरी डावीकडेच.

"गुरुजी, मशीन झूट नाई बोलत," ते हात पुसत म्हणाले. "इथी वजन आहे."

मग मी सरळ वजनच काढलं. उजव्या बाजूला तांदळाच्या मोजलेल्या पिशव्या ठेवत गेले आणि दोन्ही अंतरं सारखी झाली तेव्हा थांबले. सतरा किलो. चूक असेल म्हणून आठवड्यानं पुन्हा केलं. सतरा.

पुढच्या वर्षी एकोणीस. त्याच्या पुढच्या वर्षी बावीस.

कॉलेजच्या क्रीडा विभागात मुलींच्या वयानुसार वजनाचा तक्ता होता. मी तो एकदाच पाहिला. पुन्हा त्या खोलीत गेले नाही.

आकडे मी घरी फक्त सांगत होते, अर्थ लावत नव्हते. बाबा ऐकून मान हलवत. आईला मात्र दर दिवाळीला आकडा हवा असे. १९९८ च्या उन्हाळ्यात तिनं मधेच मोजायला लावलं, आणि वजन दीड किलोनं उतरलेलं निघालं. आई आठवडाभर काळजीत होती. खाऊन नाई राह्यली, एवढंच म्हणाली.

रसूलभाईंनी एकदा डावीकडे जास्तीचा पाटा टाकण्याचं सुचवलं. गाडी सरळ दिसली असती. आईनं नको म्हटलं.

२००४ मध्ये बाबा गेले. मला गाडी चालवता येत नव्हती. व्हॅन अंगणात उभी राहिली. तळाचा पत्रा गंजला, इंजिन उघडावं लागणार होतं, आणि तो खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होता. वडसाचं एक गिऱ्हाईक रसूलभाईंनी आणलं. मी नाही म्हणणार होते. आईच म्हणाली, "देऊन टाक. उभ्या गाडीत तिले किती दिवस बसवून ठेवू? तिले फिराची हौस."

२००५ च्या फेब्रुवारीत गाडी गेली. त्या दिवशी आईनं सरकतं दार उघडलं आणि धरून उभी राहिली. बराच वेळ. मग हळूच लावलं. ते पहिल्यांदाच न अडता लागलं.

मी मोजलं होतं. एकेचाळीस किलो. गाडी तशीच, डावीकडे झुकून, वळणाआड गेली.

आई त्या रात्री जेवली नाही.

डिसेंबरात, भर दुपारी, रसूलभाई घरी आले. हातात फडक्यात गुंडाळलेली एक स्प्रिंग होती. वडसाच्या माणसानं गाडी त्यांच्याकडेच कामाला आणली होती. पार्ट खरं तर त्याला द्यायचा, पण त्यांनी तो मागून आमच्याकडे आणला होता.

मी विचारलं, मागची डावी का?

"नाई, मॅडम. मागून आता सरळ आहे. ही पुढची, उजवी. डायवरकडची."

स्प्रिंगला चीर नव्हती.

आई चहा घेऊन बाहेर आली. रसूलभाई तिच्याकडे न बघता बोलले.

"भाभी, तो माणूस म्हणते, रोज सकाळी डायवरची सीट पुढं सरकून असते. दोन खाचा. तो मागं घेते, सकाळी पुन्हा पुढं. जसं कोणी ठेंगणं चालवून राह्यलं."

आईनं कप खाली ठेवला. चौकटीवरच्या पेन्सिलीच्या रेघेकडे पाहिलं.

"माझ्यावर गेली म्हणजे," ती म्हणाली. "तुझ्या बाबायले उगाच वाटे."