साडेसातच्या आत

त्याचा अंगठा मोबाइलच्या काचेपासून साधारण अर्धा सेंटिमीटर वर थांबला होता. खाली ‘पाठवा’ची हिरवी खूण. नागठाण्याच्या पुढे बस गतिरोधकावरून उडाली, तरी अंगठा काचेला लागला नाही.

दोन बाकांच्या फटीतून मला पुढच्या बाकावरच्या त्या तरुणाचा मोबाइल दिसत होता. दुसऱ्याच्या मोबाइलात डोकावू नये, मान्य. पण त्यावर आमचं कोडं होतं.

मी साताऱ्याहून सांगलीला निघाले होते. मांडीवर पाण्याच्या नमुन्यांची थंडगार पेटी, आमच्या प्रयोगशाळेतून फेरतपासणीसाठी पोचवायची. बाहेर धुकं, आणि त्यात कुठूनतरी उसाच्या चिपाडांचा गोडसर वास.

आमचं कोडं म्हणजे रोज सकाळी सातला येणारा चार अक्षरी शब्द. सहा प्रयत्नांत ओळखायचा. आमच्या मोबाइलवरच्या गटात चाळीसेक जण, आणि नियम निवृत्त सुभेदार लालासाहेबांचे. उत्तर फोडायचं नाही. आडनाव लिहायचं नाही. सुटलं की साडेसातच्या आत कळवायचं. एक मिनिट उशीर झाला तरी सलग दिवसांची मोजणी शून्यावर. जो आधी कळवेल तो पहिला.

गेले त्र्याहत्तर दिवस मी पहिली होते. शिवतेज दुसरा.

याच शिवतेजनं तेवीस दिवसांपूर्वी मला वेगळं लिहून विचारलं होतं, “भेटूया? लग्नाच्या विचारानं म्हणतोय, उगीच न्हाई.” दीड वर्ष आम्ही रोज लिहीत होतो, पण एकमेकांना पाहिलेलं नव्हतं, आवाजही ऐकलेला नव्हता. तो इस्लामपूरचा, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, घरचा ऊस. माझं नाव आम्रपाली. आडनाव न लिहून माझं काही लपत नाही, नावच सगळं सांगतं. तीन वर्षांपूर्वी विश्वजित नावाच्या एकानं ‘आईला विचारून सांगतो’ म्हटलं होतं. तो अजून विचारतोय.

म्हणून शिवतेजला मी ‘विचार करते’ एवढंच लिहिलं. गोड लिहिणं हा पुरावा नव्हे. काही गमवायची वेळ आली तर हा माणूस टिकेल का... तेवढं मला कळायला हवं होतं.

सात वाजून सात मिनिटांनी गटात लालासाहेबांची ओळ आली. “आम्रपाली, शिवतेज, झोपलाय काय रं दोघं? राहीबाई पयल्या आल्या आज.”

पुढच्या बाकावरचा अंगठा हलला. “न्हाई आबा, जागाच हाय.” ती ओळ त्याच्या काचेवर उमटली, आणि लगेच माझ्याही. शिवतेज या नावाखाली.

मी पेटी घट्ट धरली. मानेवर ओले केस, डाव्या कानामागे तीळ. हा शिवतेज. त्याच्या चारही चौकटी हिरव्या झालेल्या होत्या. वेळ, दोन मिनिटं. माझं कोडं तीन मिनिटांत सुटलं होतं, पण डोकावण्याच्या नादात मी अजून कळवलं नव्हतं. आणि तो थांबला होता.

त्र्याहत्तर दिवस त्याचा निरोप माझ्यानंतर मिनिटभरात यायचा. इतकी स्वच्छ आकडेवारी आली की प्रयोगशाळेत आम्ही संशय घेतो. इथे मात्र मला तो योगायोग वाटला होता. आधी राग आला, माझा पहिला नंबर कोणीतरी दिलेला होता म्हणून. मग मी ठरवलं, आज कळवायचंच नाही. प्रयोग साधा होता: एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं.

शिवतेजचे सलग चारशे अकरा दिवस झाले होते. डेंग्यू झाला तेव्हाही सलाइन लावलेल्या हातानं त्यानं कोडं सोडवलं होतं. ते दिवस तो माझ्यासाठी घालवणार नाही, असं मला वाटत होतं. खरं तर तशी भीती वाटत होती.

उंब्रज गेलं. सव्वासात.

“गड्या, चारशे अकरा दिवस पाण्यात घालतूस का काय?” लालासाहेब.

सात चोवीस. त्यानं घड्याळ पाहिलं. सात अठ्ठावीसला अंगठा खाली आला. पण त्यानं गट बंद करून माझं नाव उघडलं होतं. माझा मोबाइल थरथरला.

“बरी आहेस ना?”

दोन मिनिटं उरली होती. साडेसात वाजले. त्याची मोजणी शून्यावर गेली. माझीही गेली — तीनशे शहाण्णव दिवस. प्रयोगाच्या नादात स्वतःचे दिवस मी विसरूनच गेले होते.

बस कराडच्या स्टँडवर थांबली आणि माझा फोन वाजला. दीड वर्षात पहिल्यांदा.

“आम्रपाली? शिवतेज बोलतोय. बरी हायस ना?” आवाज कानातही आला आणि पुढच्या बाकावरूनही.

“बरी आहे. तुझे चारशे अकरा दिवस गेले.”

“जाऊ देत. उद्यापासनं परत एक.”

“दोन मिनिटांत सुटलं होतं तुझं.”

“...तुला कसं कळलं?”

“मागं बघ.”

तो सावकाश वळला. फोन कानालाच. कान लालेलाल.

“त्र्याहत्तर दिवस मला जिंकू देत होतास?”

“न्हाई... दहा-बारा दिवस तू खरंच पुढं होतीस.”

“दहा-बारा.”

“बरं, पंधरा.”

मला हसू आवरेना. “पण का?”

“तुझं आलं की दिवस सुरू व्हायचा. त्याआधी माझं पाठवून काय करू?”

मी फोन बंद केला. विचारायचं होतं ते एकाच शब्दात विचारलं, “घरी?”

“सांगितलंय. विचारलं न्हाई, सांगितलं. आण्णा लय चिडलेत, अजून निवळले न्हाईत. आई चार दिवस बोलली न्हाई. काल म्हणाली, पोरगी लगेच हो म्हणत न्हाई म्हंजी शहाणी दिसतीया.”

कंडक्टरनं घंटी मारली. बस हलली. पेठ नाक्याला तो उतरणार होता. अर्धा तास उरला होता.

“तेवीस दिवस झाले,” तो हळूच म्हणाला. “अजून विचारच करतीयस?”

हात सवयीनं मोबाइलकडे गेला. तो मी पेटीवर पालथा ठेवला.

“झाला विचार,” मी म्हणाले, मागच्या बाकापर्यंत जाईल इतक्या स्पष्ट आवाजात. “मला तुझ्याशी लग्न करायचंय.”