साबण लावला नि डाग लाल झाला

"आजोबा, डाग लाल झाला!"

शाल्मली एवढ्या जोरात ओरडली की अंगणातल्या पेरूवरचे पोपट भुर्रकन उडाले. आजोबा हातातला चहा सांभाळत बाहेर आले. अंगणात आजीची जुनी मोटारसायकल उभी होती. तिच्या मेंदीच्या पानांसारख्या हिरव्या टाकीवर साबणाचा फेस होता आणि फेसाखाली डाव्या बाजूला एक विटकरी लाल फराटा उमटला होता.

"मघाशी तो पिवळा होता," शाल्मली म्हणाली. "मी आपलं कपड्यांच्या साबणाचं पाणी लावलं. डाग जायला हवा होता ना? हा तर रंग बदलून बसला!"

"डाग जात नाही, वर रंग बदलतो. तुझ्या मामासारखाच दिसतोय," आजोबा म्हणाले, पण चष्मा पुसून ते टाकीवर वाकले.

ही गोष्ट आहे आणखी काही वर्षांनंतरच्या कोल्हापुरातली. तेव्हा रस्त्यावरून पेट्रोलच्या गाड्या हद्दपार झाल्या होत्या. सगळं कसं विजेवर, गुपचूप चालणारं. फक्त दसऱ्याच्या दिवशी जुन्या गाड्यांची फेरी निघायची आणि त्या दिवसापुरतं प्रत्येक गाडीला थोडंसं पेट्रोल मिळायचं. शाल्मलीने गाडीचा फटफट आवाज फक्त फेरीच्या दिवशी लांबून ऐकलेला. यंदा आजोबांनी कधी नव्हे ते कबूल केलं होतं, की आजीची गाडी फेरीत न्यायची आणि मागे शाल्मलीने बसायचं. वर्षभर ती याच एका दिवसाची वाट बघत होती.

आजी म्हणजे डॉक्टर ऋतुजा. गुरांच्या डॉक्टर. पन्हाळ्याच्या रस्त्यावरच्या गावागावांतून याच गाडीवर त्यांची फिरती असायची. आजोबा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी आजीच्या मागे बसून औषधांची पेटी सांभाळायचे. आजी गेल्यावर गाडीवर जाड ताडपत्री पडली, ती दहा वर्षांनी आज खंडेनवमीला निघाली. घरातली यंत्रं, हत्यारं पुसून पुजायचा हा दिवस. गाडी तरी मागे का राहावी?

मदतीला गणपा होता. गणपा हा घरातला यंत्रमानव. त्याच्या छातीवर भिंग होतं आणि बोलणं एकदम सरकारी पत्रासारखं.

"निरीक्षण पूर्ण," गणपा म्हणाला. "टाकीवरील सर्व डाग इंधनाचे आहेत. उपाय, तीव्र द्रावक. परवानगी मिळाल्यास मी टाकी निष्कलंक करीन."

"द्रावक म्हणजे?" शाल्मलीने विचारलं.

"द्रावक (दुसऱ्या पदार्थाला आपल्यात विरघळवून घेणारा द्रव)," आजोबा म्हणाले. "पाण्यात साखर विरघळते, तेव्हा पाणी हा द्रावक. पण गणपा, थांब जरा. आधी सीटखालच्या कोपऱ्यात लावून बघ. तिथं कुणाचं लक्ष जात नाही."

गणपाने कापसाच्या बोळ्यावर आपल्या बाटलीतला द्रव घेतला आणि कोपऱ्यात एकदाच फिरवला. बोळा हिरवागार झाला.

"अगं बाई! हा तर टाकीचाच रंग!" शाल्मली किंचाळली.

"डाग निघेल, पण टाकीही निघेल," आजोबा म्हणाले. "गणपा, ती बाटली आत ठेवून ये. शाल्मली, तू इकडे बस. आधी हे झाकणाजवळचे तपकिरी ओघळ बघ. हे पेट्रोलचेच. तुझी आजी टाकी अगदी काठोकाठ भरायची. मी म्हणायचो, अगं, थोडी जागा ठेव. ती म्हणायची, रानात गाय अडली तर तिथं पंप आहे का? मग पहिल्याच खड्ड्यात पेट्रोल बाहेर."

"पण पेट्रोल तर उडून जातं ना?"

"जातं की! पण सगळं नाही. पेट्रोल हा काही एकच पदार्थ नव्हे, पुष्कळ पदार्थांची भेळ आहे. हलके पदार्थ झटकन हवेत उडून जातात. जड असतात ते मागे राहतात. त्यांचं हळूहळू ऑक्सिडीकरण (हवेतल्या प्राणवायूशी संयोग) होतं आणि डिंकासारखा चिकट, तपकिरी थर बसतो. त्यावर धूळ बसते, की झाला डाग."

"मग तो साबणाने का नाही गेला?"

"सांगतो. तुझ्या हाताला तेल लागलं आणि नुसतं पाणी घेतलंस तर जातं का?"

"नाही. नुसतं पसरतं."

"कारण पाण्याचं आणि तेलाचं गोत्र वेगळं. पदार्थ आपल्या गोतावळ्यातल्या द्रवात विरघळतात. साबण दोघांची थोडीफार भेट घालून देतो, पण वर्षानुवर्षं वाळलेल्या डिंकापुढे त्याचं काही चालत नाही. पेट्रोलच्या डागाला पेट्रोलच्याच भाऊबंदांतला द्रव हवा, पण सौम्य स्वभावाचा. डागाला बोलावून घेईल, पण सुकून घट्ट झालेल्या रंगाला हात लावणार नाही असा."

असा द्रव आजोबांनी रंगाच्या दुकानातून आणूनच ठेवला होता. टर्पेंटाइन. टाकी रिकामी आहे ना, आसपास कुठे निरांजन पेटलेलं नाही ना, हे त्यांनी दोनदा पाहिलं, कारण हा द्रव पटकन पेट घेतो. शाल्मलीला हातमोजे घालायला लावले. मग पुन्हा सीटखालचा कोपरा! या वेळी बोळा पांढराच राहिला.

"आता ओघळांवर. घासायचं नाही हं. बोळा क्षणभर टेकवून ठेवायचा, डाग मऊ होऊ द्यायचा आणि मग अलगद ओढून घ्यायचा. आपल्याला घाई नाही."

शाल्मलीने बोळा टेकवला, ओढला. बोळ्यावर चहाचा रंग आला आणि टाकीवर हिरवा रंग लखलखला. रंगाऱ्याने हाताने ओढलेली बारीक पांढरी रेघसुद्धा जशीच्या तशी! बोळ्यामागून बोळे गेले. शेवटी साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग कोरडं फडकं. झाकणाजवळचा एकूणएक ओघळ गेला होता. शाल्मलीला इतका आनंद झाला की तिने गणपाच्या भिंगालाही फडकं मारलं.

राहिला तो डावीकडचा डाग. धुतल्यावर त्याचा लाल रंग उतरून तो मळकट नारिंगी झाला होता, पण टर्पेंटाइनने तो जागचा हलला नव्हता.

"हा इंधनाचा डाग नव्हे," गणपा म्हणाला. "माझ्या यादीत असा डाग नाही. दिलगीर आहे."

शाल्मली टाकीसमोर मांडी घालून बसली. पिवळ्याचा लाल. साबण लागला की लाल. हे तिने कुठेतरी पाहिलं होतं. कुठे बरं? आणि एकदम तिला आईचा आवाज आठवला. 'पुन्हा डब्यातली भाजी सांडलीस ना गणवेशावर? बघ, साबण लावला तर कसा लालभडक झालाय तो डाग!'

"हळद!" ती उठून उभी राहिली. "आजोबा, ही हळद आहे!"

"मी जिथे तयार झालो, तिथे भाजीत हळद घालत नाहीत," गणपा पडेल आवाजात म्हणाला.

आजोबांचा चेहरा उजळला. "शाब्बास! हळद हा दर्शक आहे (आम्ल की आम्लारी हे आपला रंग बदलून सांगणारा पदार्थ). कपड्यांचा साबण आम्लारी, म्हणून ती लाल झाली. आता तिला परत पिवळी करायची तर काय लावशील?"

"साबणाच्या उलटं. आंबट! लिंबू!"

ती धावत जाऊन लिंबाची फोड घेऊन आली. पाण्यात दोन थेंब पिळून तिने फडकं भिजवलं आणि डागावर हलकेच टेकवलं. नारिंगी रंग ओसरला. खालून स्वच्छ पिवळा रंग वर आला. आता धूळ नव्हती, पेट्रोलचा थर नव्हता, त्यामुळे त्याचा आकारही नीट दिसला. ती चार बोटं होती. शेजारी शेजारी उमटलेली चार लांबट बोटं.

 आजोबा टाकीजवळ खाली बसले.

"अशीच खंडेनवमी होती," ते म्हणाले. "दिवेलागणीला ती पूजेची हळद कालवत होती आणि फोन आला. कुणाची तरी म्हैस अडली होती. उठली तशी निघाली. निघताना ती टाकीवर थाप मारायची, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी. ओल्या हातानंच मारली. मी ओरडलो, अगं, हळद लागली! तर म्हणाली, आल्यावर पुसते की! आली ती दमूनभागून, तशीच झोपली. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात भरती केलं. मग काय... ताडपत्री मीच टाकली वर."

 शाल्मलीने त्यांचा हात धरला. आणि तेवढ्यात तिच्या मनात एक गोष्ट लख्ख झाली, आणि तिला ती व्हायला नको होती. आई हळदीचा डाग पडलेला गणवेश धुऊन उन्हात टाकायची. संध्याकाळपर्यंत डाग गेलेला असायचा.

"आजोबा, उन्हात हळद उडते ना?"

"उडते. उन्हात अतिनील किरण असतात (सूर्याचे, पण डोळ्यांना न दिसणारे). हळदीचा रंग ज्या रेणूंमुळे (पदार्थाचे गुण टिकवून ठेवणारे सर्वांत लहान कण) असतो, ते या किरणांनी तुटतात. तुकड्यांना रंग नसतो. इतकी वर्षं अंधारात होती, म्हणून टिकली."

"उद्या सकाळपासून दुपारपर्यंत फेरी आहे," गणपाने माहिती पुरवली. "आकाश निरभ्र राहील. ताडपत्रीखाली ठेवल्यास बोटे बराच काळ टिकतील."

 वर्षभर ज्या दिवसाची वाट बघितली, तो समोर होता. पण शाल्मलीने ताडपत्रीचं टोक उचललं. "नको जाऊया आपण. मला काही एवढं नाही वाटत," ती म्हणाली. खोटं तिला कधीच नीट जमत नसे.

आजोबांनी तिच्या हातातून ताडपत्री घेतली, नीट घडी घातली आणि गणपाच्या हातात दिली.

"तिनं ही गाडी एकही दिवस झाकून ठेवली नाही. मीच ठेवली," ते म्हणाले. "उद्या सात वाजता तयार राहा."

रात्रभर खपून गणपाने इंजिन सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार घातलेली गाडी फटफटत निघाली. रस्त्यावरची पोरं कानावर हात ठेवून खिदळत होती. शाल्मली आजोबांना घट्ट धरून बसली होती आणि त्यांच्या खांद्यावरून तिला टाकी दिसत होती. ऊन चढत गेलं. पन्हाळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत बोटं फिकट झाली, पुढे तर जवळून बघावी लागली.

"आजोबा, जायला लागलीत."

"जाऊ दे."

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय की गं. लई वाटतंय." त्यांचा आवाज इंजिनाच्या आवाजात मिसळून गेला.

एका वळणावर उसाच्या कडेला एक म्हातारी उभी होती. गाडी दिसायच्या आधीच ती रस्त्याच्या मधोमध येऊन हात हलवू लागली. आजोबांनी करकचून ब्रेक दाबला.

"आवाज ऐकूनच म्हटलं, ही डाक्टरीणबाईंची गाडी!" म्हातारी धापा टाकत म्हणाली. "किती वरसांनी आली! बाई कुठं हायत?"

आजोबांनी मान हलवली. म्हातारीला कळलं. ती पुढे आली आणि तिने टाकीवर हात ठेवला. "माझ्या गौरी गाईला त्यांनीच वाचिवलं बघा. अर्ध्या रात्री आलत्या, चिखलातनं. आता गौरीच्या नातीची वासरं हायत गोठ्यात. चला, दूध पिऊन जावा. ही नात का? अगदी त्यांच्यावानी दिसती."

आजोबा गाडीवरून उतरले. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाले, "शाल्मली, ही गाडी ताडपत्रीखाली राहिली असती तर या बाई आपल्याला कशा भेटल्या असत्या?"

गोठ्यात दूध पीत असताना त्यांनी बेत ठरवला. या गाडीला बॅटरी बसवायची, म्हणजे दसऱ्याची वाट बघावी लागणार नाही. दर रविवारी एक गाव! आजीने तपासलेली जनावरं कुठे कुठे होती, ते लोकच सांगतील.

"पण बॅटरीवर फटफट आवाज कसा येणार? मग कुणी ओळखेल कसं?" शाल्मलीने विचारलं.

"ते कोडं तू सोडव," आजोबा म्हणाले. "काल एक सोडवलंसच की."

शाल्मलीने वासराच्या कपाळावरून हात फिरवला आणि ती विचार करायला लागली.