दोघांचा प्लॅन

दुपारचं जेवण झालं की मी फोनमधल्या एआय सहायकाला एकच प्रश्न लिहून विचारत असे: "तकलीफ देतो. माझ्या प्लॅनमध्ये किती शिल्लक आहे?"

कळमनुरीच्या वाचनालयात मी तीस वर्षं ग्रंथपाल होतो. आपली नोंद चुकली असेल ही धास्ती तेव्हापासूनची. बायको, कमलबाई, जात्यावर दळताना ओव्या म्हणायची. त्या मी कॅसेटवर भरून ठेवल्या होत्या. एकूण अठ्ठावन्न. ती जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर माझे कान गेले. आता मशीन लावूनही गाण्यातले शब्द कळत नाहीत. म्हणून नांदेडच्या भाचीनं, पुनमनं, त्या कॅसेट फोनमध्ये उतरवल्या आणि हा सहायक बसवून दिला. तो आवाज ऐकतो आणि शब्द लिहून देतो. फुकटच्या प्लॅनमध्ये साठ ओव्या बसतात. मी रोज दोन द्यायचो. वाचताना वाटायचं, ती मागच्या खोलीत आहे आणि उन्हात पिठाचा बारीक धुरळा तरंगतोय.

त्या सोमवारी उत्तर आलं: "पंचेचाळीस वापरल्या, पंधरा शिल्लक."

माझ्या वहीत बेचाळीस होत्या. अजून सोळा द्यायच्या होत्या. म्हणजे शेवटची ओवी बाहेर राहणार, आणि ती मला कधीच कळणार नाही.

पुनमला फोन लावला. "मामा, तुमी एकच दोनदा दाबली असंल बगा," ती हसत ओरडली. "नाहीतर वरचा प्लॅन घ्या ना. काहून जीव टांगणीला लावता?"

चूक माझीच असणार, असं मलाही वाटलं.

संध्याकाळी शेजारच्या नानीबाई ओट्यावरून म्हणाल्या, "काका, तुमच्याकडं दुपारी जात्यावर कोण दळून राहिलंय? लेकरू झोपत न्हाई माझं."

"कोणी नाही."

"व्हय का? मग मशीन मलाच लावावं लागंल."

जातं मागच्या खोलीत आहे. खुंटा काढून फळीवर ठेवलेला. विजेचा खटका तिथंच, म्हणून फोन चार्जिंगला लावून मी जात्यावरच ठेवतो. दोन ते चार झोपतो. कानातलं मशीन तेव्हा उशाशी असतं.

मंगळवारी मी सहायकाला विचारलं, जास्तीच्या ओव्या कोणत्या? त्यानं त्या दाखवल्या. कालच्या तीनच्या आता पाच झाल्या होत्या. सगळ्यांची वेळ दुपारी तीनची. एक अशी होती:

कानात मशीन गं, तरी हाक ऐकू येईना
पुस्तकात मान, बाई, वर काही होईना

मशीन मी गेल्या दिवाळीत घेतलं.

भीती वाटली नाही. ऊन भिंतीवरून सरकत होतं, आणि खूप वर्षांनी कोणीतरी माझ्यावर रागावलं होतं.

मग लिहिलं, "मर्यादा वाढवायची आहे. काय पर्याय आहेत?"

"एकट्याचा प्लॅन आणि दोघांचा प्लॅन. या खात्यावर दोन जण आहेत, म्हणून दोघांचा सुचवतो. त्याला मर्यादा नाही."

"दुसरं कोण?"

"त्यांनी सांगितलं नाही. खातेदार कोण, हे त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, आमी नाव घेत न्हाई."

चाळीस वर्षांत तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. लग्नातही उखाणा अर्धाच सोडून ती आत पळाली होती.

सहायकानं अटी दाखवल्या. दोघं एकाच ठिकाणी राहणारे हवेत. दुसऱ्या व्यक्तीनं खातेदाराचं नाव उच्चारून संमती द्यावी.

एकाच ठिकाणी. मी जात्याकडे पाहिलं आणि 'होय' दाबलं.

दोन वाजता फोन जात्यावर ठेवला. खुंटा परत बसवला. का, ते विचारू नका.

चारला उठलो. फोन उचलला.

दगड कोमट होता.

"संमती मिळाली," सहायकानं लिहिलं होतं. खाली तिचे शब्द होते:

जात्याभोवती पीठ, पिठाशेजारी सूप
माणिकरावांचं नाव घेते, वाट पाहिली खूप

मी ते पाच-सहा वेळा वाचलं. डोळे पुसून पुन्हा वाचलं. मग खालची ओळ दिसली.

"एकत्र राहण्याबद्दल त्यांनी दुरुस्ती सांगितली आहे. अजून न्हाई, म्हणाल्या. गुरुवारपासून. त्याप्रमाणे नोंद केली आहे."

या वेळी नोंद चुकली असेल, असं मला वाटलं नाही.

आज बुधवार. वाचनालयाची दोन पुस्तकं घरी होती, ती सकाळीच परत करून आलो. एक अर्धंच वाचून झालं होतं.