टाकीच्या तोंडाशी

पटो न पटो, हे माझ्या सख्ख्या मामांसोबत घडलंय. आणि मामा म्हणजे हाडाचे सरकारी. विनोदसुद्धा नियमात बसला तरच हसणारे.

ते कामगार खात्यात होते. संप मिटवायचं काम.

त्या हिवाळ्यात त्यांना रॉकेटच्या तळावर पाठवलं. तिथे इंधनाच्या टाकीत काम करताना एक वेल्डर गुदमरून गेला होता. आत एकटाच होता. जेवणाची सुट्टी होईपर्यंत कुणाला कळलंच नाही.

कामगारांची मागणी एकच. आत माणूस असेल, तेव्हा टाकीच्या तोंडाशी दुसरा माणूस उभा करा.

सरकार म्हणालं, संरक्षणाचं काम आहे, जादा माणूस नको. संप बेकायदा ठरला. कामगारांना बसमध्ये भरून तळाबाहेर काढलं.

मामा पोचले, तेव्हा तळ ओस. बोलणी करायची तरी कोणाशी?

ड्रायव्हरला गेटवर थांबवून मामा एकटेच टाकी बघायला शेडमध्ये गेले. दुपारची वेळ.

टक्... टक्...

टाकीच्या आतून.

"कोण आहे?"

मामा झाकणापाशी गेले.

झाकण बाहेरून बोल्टने आवळलेलं. नुसत्या हातांनी उघडणारं नव्हतं. मामा पाना आणायला वळले, तोच...

टक् टक् टक् टक्!

जीव तोडून हाक मारावी तसं.

मामा थांबले. आवाजही थांबला.

पुन्हा पाऊल उचललं. पुन्हा तेच.

मग मामांनी जायचा विचारच सोडला. तिथेच उभे राहिले आणि बोलत सुटले. मामी गेल्यापासून कुणाशी बोलले नव्हते, इतकं बोलले.

दिवस कलला, तेव्हा ड्रायव्हर शोधत आला.

"साहेब, वाट बघून डोळे दुखायला लागले की!"

"पाना आण. आत कोणीतरी आहे."

दोघांनी झाकण उघडलं. ड्रायव्हरने आत डोकं घातलं, टॉर्च फिरवला.

"चिटपाखरू नाही, साहेब."

टक्...

आता आवाज बाहेरून आला. मामांच्या अगदी शेजारून.

"साहेब, ठोकू नका ना! कानठळ्या बसल्या माझ्या!" ड्रायव्हर आतून ओरडला.

मामांचे दोन्ही हात खिशात होते.

परत येऊन मामांनी वरिष्ठांना ठणकावून सांगितलं, मागणी रास्त आहे. वरच्यांनी बरेच आढेवेढे घेतले, पण अखेर मानलं. कामगार परतले.

महिन्याभरात काम पुन्हा बंद.

नवी मागणी... टाकीच्या तोंडाशी एक नको, दोघं हवेत.

मामाच गेले. कामगारांचा पुढारी एरवी तोंडाचा पट्टा बंद न करणारा. त्या दिवशी मान खाली घालून बसला होता.

"दोघं कशाला?" मामांनी विचारलं.

"एकटा उभा राहिला की सोबत मिळते, साहेब..." तो हळूच म्हणाला. "ती नको."

मामांनी तीही मागणी मान्य करून घेतली.

निवृत्तीनंतर त्यांनी घर घेतलं, तेही त्या तळाजवळच. ओळखीचं कुणी नसताना. आई विचारते, "दादा, एवढ्या लांब एकट्याने करमतं तरी कसं?"

मामा नुसते हसतात.

मी मात्र त्यांच्याकडे मुक्कामाला जात नाही.